आयर्लंडच्या दंतकथांमागे फिरायचंय? निघण्याआधी हे वाचून घ्या

आईबाबा पहिल्यांदा डब्लिनला आले तेव्हा मी मोठ्या हौसेने त्यांना तारा हिलवर, म्हणजे दंतकथांतल्या आयरिश राजांच्या टेकडीवर, घेऊन गेले. पाऊस भुरभुरत होता. बाबांनी छत्री सावरत चहूकडे पाहिलं, चार मेंढ्या दिसल्या, गवतातले उंचवटे दिसले. म्हणाले, "एवढं पेट्रोल जाळून हे दाखवायला आणलंस? काटोल रोडला अशी पडीक जमीन ढीगभर आहे."

चूक बाबांची नव्हती, माझी होती. मी त्यांना गोष्टच सांगितली नव्हती. इथे वेरूळसारखी लेणी नाहीत की रायगडासारखा महादरवाजा नाही. केल्टिक दंतकथांच्या बहुतेक जागा म्हणजे गवत चढलेली टेकाडं, चर आणि उभे दगड. गोष्ट ठाऊक असेल तर त्या टेकाडावर अंगावर काटा येतो, नसेल तर मेंढ्या मोजायच्या. त्यानंतर सहा वर्षांत मामा-मामी, मैत्रिणी, नणंद-नंदई अशी बरीच मंडळी फिरवली. त्यात जे ठेचकाळून शिकले ते इथे उतरवते आहे.

१. आधी गोष्टी, मग तिकिटं

पहिल्याच टूरवर गाइड तुम्हाला सांगेल की हे टेकाड केल्ट लोकांनी बांधलेलं नाही. खट्टू होऊ नका. न्यूग्रेंज हे दगडी थडग्याचं टेकाड इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमाराचं, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडपेक्षाही जुनं. केल्टिक भाषा बोलणारे लोक इथे फार नंतर आले. त्यांना ही टेकाडं आयतीच मिळाली आणि त्यांनी आपले देव त्यात राहायला घातले. गोष्ट अशी की माणसांकडून हरल्यावर 'तूहा डे डॅनन' ही देवांची जमात जमिनीखाली गेली आणि एकेक टेकाड एकेकाने वाटून घेतलं. पुढे मध्ययुगात हे सगळं लिहून काढलं ते ख्रिस्ती मठांतल्या साधूंनी. त्यामुळे दगड एका काळाचे, गोष्ट दुसऱ्या काळाची आणि शाई तिसऱ्याच काळाची, हे डोक्यात ठेवून निघा.

निदान या चार गोष्टी वाचून या: एंगस देव आणि ब्रू ना बोन्या (कथांमधलं न्यूग्रेंज), राणी मेव्हची बैलासाठीची स्वारी ('तॉइन बो कूलन्या'), फाशी गेलेल्या माणसाला पाठीवर घेणारा नेरा आणि उत्तरेकडच्या अल्स्टर राज्याचा वीर कू खुलिन याचं मरण. नावांच्या स्पेलिंगवर अजिबात विश्वास ठेवू नका. इंग्रजी वाचल्यासारखं वाचलंत तर वाट विचारताना समोरच्याला काही कळत नाही. ३१ ऑक्टोबरच्या सणाला सगळे आपले 'सॅमहेन' वाचतात. तो 'साउइन' आहे.

२. व्हिसा: इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात

आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये आहे पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. पॅरिस-रोम करून "जाता जाता डब्लिन" हा बेत शेंगेन व्हिसावर जमत नाही. फिरायला येणाऱ्यांसाठी वेगळा 'सी' प्रकारचा, जास्तीत जास्त ९० दिवसांचा आयरिश व्हिसा लागतो. अर्ज ऑनलाइन भरायचा, शेवटी येणारा सारांशाचा कागद छापून त्यावर सही करायची आणि बाकी कागदांसोबत व्हिसा केंद्रावर द्यायचा. प्रवासाच्या ३ महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि तो तेव्हाच करा.

दुसरा सापळा जास्त वाईट, कारण तो दिसतच नाही. आर्माजवळचं नॅव्हन फोर्ट, म्हणजे कथांमधली अल्स्टरच्या राजांची राजधानी एव्हिन माखा, उत्तर आयर्लंडमध्ये आहे आणि उत्तर आयर्लंड म्हणजे युनायटेड किंग्डम. सीमेवर ना चौकी, ना फाटक. रस्त्यावरच्या पाट्यांवर किलोमीटरचे मैल होतात, तेवढीच काय ती खूण. पण म्हणून परवानगी लागत नाही असं नाही. भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना आहे. व्हिसावर 'बीआयव्हीएस' असा शेरा असेल तर एकाच व्हिसावर दोन्हीकडे फिरता येतं, मात्र ज्या देशाने व्हिसा दिला तिथे आधी उतरावं लागतं. शेरा नसेल तर ब्रिटनचा वेगळा व्हिसा हवा. आमच्यासारख्या इथे राहणाऱ्यांनाही तो लागतो. डब्लिनहून सुटणाऱ्या टूर बसचं तिकीट काढताना हे कोणी विचारेल या भरवशावर राहू नका. व्हिसाचे नियम बदलत राहतात, तेव्हा अर्जाच्या दिवशी सरकारी संकेतस्थळ पुन्हा एकदा उघडून बघा.

लागणारे कागद:

- पासपोर्ट आणि असतील तेवढे जुने पासपोर्ट
- सही केलेला अर्जाचा सारांश आणि फोटो
- कधी, कुठे, कशासाठी जाणार हे दिवसवार लिहिलेलं पत्र. "साइटसीइंग" एवढं मोघम लिहू नका, जागांची नावं घाला
- ६ महिन्यांचं बँक स्टेटमेंट
- नोकरीचं आणि रजेचं पत्र. निवृत्त असाल तर पेन्शनचे कागद
- राहण्याचं बुकिंग. नातेवाइकांकडे उतरणार असाल तर त्यांचं निमंत्रणपत्र आणि त्यांच्या इथे राहण्याच्या परवान्याची प्रत
- प्रवास विमा

सातबारा किंवा मराठीतला लग्नाचा दाखला जोडणार असाल तर सोबत इंग्रजी भाषांतर हवं. नुसता सातबारा जोडणारे आमच्या घरातच दोघं निघाले.

३. न्यूग्रेंजचं बुकिंग, आणि जीपीएसचा घोळ

न्यूग्रेंजला थेट जाता येत नाही. बॉइन नदीच्या दक्षिणेला डोनोर गावाजवळ 'ब्रू ना बोन्या' व्हिजिटर सेंटर आहे. तिथून ठरलेल्या वेळेच्या बसनेच टेकाडापर्यंत नेतात. टेकाड मात्र नदीच्या उत्तरेला. मी पहिल्या खेपेला फोनमध्ये सरळ 'न्यूग्रेंज' टाकलं आणि फोनने इमानेइतबारे मला तिथेच नेलं. कुंपणापलीकडे पांढरी भिंत चमकतेय, आत जायची सोय नाही, आणि नदी ओलांडायची तर पुलापर्यंत लांबचा वळसा. आमची वेळ टळली. तेव्हा फोनमध्ये व्हिजिटर सेंटरचंच नाव टाका आणि अर्धा तास हाताशी ठेवा.

उन्हाळ्यात जागा भराभर जातात, म्हणून तारीख उघडली की लगेच बुक करा. घेताना टूरमध्ये न्यूग्रेंजच्या आत जाणं आहे की नाही ते नीट वाचा. सगळ्या तिकिटांत ते नसतं. अनेक सरकारी वारसास्थळं बघणार असाल तर हेरिटेज कार्ड परवडतं, पण कार्ड असलं तरी इथली वेळ आरक्षित करावीच लागते.

हिवाळ्यातल्या सर्वात लहान दिवसांत पहाटेचं ऊन आत शिरतं ते बघायला सोडत काढतात. अर्ज हजारोंनी येतात आणि आत मावतात मूठभर लोक. नंबर लागला तरी त्या सकाळी ढग नसतील याची हमी देव दाग्दासुद्धा देत नाही. त्या आशेवर विमानाची तिकिटं काढू नका.

४. पहिला दिवस डब्लिनमध्ये

किल्डेअर स्ट्रीटवरचं राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय फुकट आहे. सोन्याचे कंठे, दलदलीत सापडलेली दोन हजार वर्षांपूर्वीची माणसं आणि 'तारा ब्रोच' पाहून घ्या. हा ब्रोच तारावर सापडलेला नाही. १८५० मध्ये तो बेटीज्टाउनच्या किनाऱ्याजवळ मिळाला आणि सराफाने विकायला नाव दिलं तारा. रविवार-सोमवारी सकाळी संग्रहालय बंद असतं. ओ'कॉनेल स्ट्रीटवरच्या मुख्य पोस्ट ऑफिसात मरणाऱ्या कू खुलिनचा पुतळा आहे, तोही बघा. पुढे कामाला येतो.

५. बॉइनचं खोरं: इथे घाई करू नका

न्यूग्रेंजच्या आत जाणारी वाट १९ मीटर लांब. मध्येच दोन्हीकडचे दगड एकमेकांकडे झुकलेत, तिथे आडवं होऊन सरकावं लागतं. पाठीवरची सॅक बाहेरच ठेवायला लावतात, आत फोटो काढू देत नाहीत. बंद जागेत जीव घाबरत असेल तर गाइडला आधीच सांगा, म्हणजे शेवटी आत शिरून आधी बाहेर पडता येतं. आतल्या दालनाचं छत ६ मीटर उंच, दगडावर दगड थोडा पुढे सरकवत रचलेलं, चुना नाही. तरी पाच हजार वर्षांत गळलेलं नाही. (आमच्या भाड्याच्या घराबद्दल असं म्हणता येणार नाही.)

मग गाइड दिवे घालवतो. डोळे फाडून बघितलं तरी हात दिसत नाही. काही क्षणांनी जमिनीवरून एक पिवळी रेघ सरपटत आत येते. विजेचा दिवा आहे हे माहीत असूनही आईने माझा दंड घट्ट धरला होता. खरं ऊन २१ डिसेंबरच्या आसपास दारावरच्या एका झरोक्यातून असंच येतं. इथे उत्खनन करणारे प्राध्यापक मायकेल ओ'केली १९६७ साली त्या पहाटे आत एकटे बसले होते, तेव्हा त्यांनी ते पाहिलं. बाहेरची पांढऱ्या गारगोटीची भिंतही त्यांनीच सापडलेल्या दगडांतून पुन्हा उभारली, आणि ती मुळात अशीच होती का यावर अजून वाद आहे. मला विचाराल तर ती फारच नवीकोरी दिसते. तिच्यापेक्षा दारासमोरच्या आडव्या दगडावरची वेटोळी बघत बसा.

आता गोष्ट. दाग्दाचं बोइनवर मन बसलं. बोइन म्हणजे ही नदीच. तिचा नवरा कामाला बाहेर गेलेला. दाग्दाने सूर्य नऊ महिने एका जागी थांबवला, त्यामुळे नवऱ्याच्या लेखी एकच दिवस उलटला आणि तेवढ्यात एंगस जन्माला आला. मोठा झाल्यावर एंगसने हे टेकाड "एक दिवस आणि एक रात्र" राहायला मागितलं. मुदत संपल्यावर म्हणतो कसा, सगळा काळ दिवस आणि रात्रीचाच तर बनलाय, आता हे कायमचं माझं. वामनाची तीन पावलं ऐकत वाढलेल्या आपल्या लोकांना ही चलाखी लगेच कळते. नंदई तर आत उभे राहूनच हसले.

शेजारच्या डाउथची गोष्ट काळी आहे. आत जाता येत नाही, पण बाहेर उभं राहून ऐका. राजा ब्रेसलला एका दिवसात आभाळाला टेकणारा बुरूज बांधायचा होता. बहिणीने जादूने सूर्य थांबवला. राजाने बहिणीशीच संग केला, जादू मोडली, अंधार पडला, काम अर्धवट राहिलं. आयरिशमध्ये गावाचं नावच काळोखावरून. आणि २०२० मध्ये न्यूग्रेंजच्या दालनातल्या एका पुरुषाच्या हाडाच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला: त्याचे आईबाप सख्खे भाऊबहीण, नाहीतर बाप-मुलगी किंवा आई-मुलगा. हजारो वर्षं तोंडी काय काय टिकून राहतं, की हा निव्वळ योगायोग, यावर गाडीत आमचं नॅव्हन गावापर्यंत (आर्माजवळचं नॅव्हन फोर्ट वेगळं) भांडण चाललं होतं.

नाउथच्या टेकाडाला १२७ दगडांचं कडं आहे, आणि कोरीवकाम न्यूग्रेंजहूनही जास्त. एकच करता येणार असेल तर न्यूग्रेंजच करा. दुसऱ्यांदा आलात तर नाउथ.

६. तारा: दुपार कलल्यावर

त्याच दिवशी संध्याकाळी तारा जमतं. तिकीट नाही, कुलूप नाही. डब्लिन-नॅव्हन बसने तारा क्रॉसला उतरून चढत चालत गेलं तरी चालतं. आकाशातून काढलेलं चित्र फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. जमिनीवरून नुसते चढउतार दिसतात. चित्रात पाहिल्यावर कळतं की आपण एकात एक गुंफलेल्या दोन वर्तुळांच्या मध्ये उभे आहोत.

उभा दगड आहे तो लीआ फॉल. खरा राजा शिवला की हा गर्जना करतो. बाबांनी दुसऱ्या खेपेला त्याला हात लावून बघितला. काही झालं नाही. आई म्हणाली, "घरीसुद्धा हेच होतं." हा दगड मुळात पलीकडच्या 'ओलिसांच्या टेकाडा'जवळ होता. १७९८ च्या उठावात पडलेल्यांच्या कबरींची खूण म्हणून तो इथे हलवला. आणि त्या खणल्यासारख्या दिसणाऱ्या उंचवट्याची कथा तर दंतकथेहून भारी: १८९९ ते १९०२ मध्ये काही ब्रिटिश मंडळींनी बायबलमधली कराराची पेटी इथेच पुरलीय अशी समजूत करून घेऊन जागा खोदून ठेवली. पेटी मिळाली नाही. जागेची नासाडी झाली.

७. रॅथक्रोहन: माझी सगळ्यात आवडती जागा

टूर कंपन्या इथे सहसा आणत नाहीत, म्हणूनच या. रॉसकॉमन काउंटीत टल्स्क नावाचं लहानसं गाव, तिथे व्हिजिटर सेंटर. आसपास २४० हून जास्त पुरातन जागा, पण जवळपास सगळ्या शेतकऱ्यांच्या कुरणांत. सेंटरची गाइडबरोबरची टूरच घ्या. एकटे फिरलात तर तुम्हाला टेकाड दिसेल आणि शेतकऱ्याला तुम्ही.

इथे राणी मेव्हचा वाडा होता म्हणतात. 'तॉइन'चं युद्ध सुरू झालं ते राणी आणि तिचा नवरा अलिल यांच्या अंथरुणातल्या वादातून: जास्त श्रीमंत कोण? भांडी, दागिने, मेंढ्या, घोडे सगळं बाहेर काढून मोजलं. बरोबरी झाली, फक्त नवऱ्याकडे पांढऱ्या शिंगांचा एक बैल जास्त. तसाच दुसरा बैल होता कूलीला, अल्स्टरमध्ये. त्यासाठी स्वारी. आपल्याकडच्या वीरगळांवर गुरं पळवणारे आणि ती सोडवताना पडलेले वीर कोरलेले असतात, ते आठवून गेलात तर हे युद्ध बैलापायी का, असा प्रश्न पडत नाही.

मग ओवेनागॅट, 'मांजरांची गुहा'. हॉथॉर्नच्या झुडपाखाली जेमतेम बीळ वाटावं असं तोंड. वाकून, मग बसून, मग चक्क ढुंगणावर घसरत उतरायचं. चिखल असा की माझा बूट पायातून निघून मागेच राहिला. तोंडापाशी वरच्या दगडाच्या कडेला ओघम लिपीतल्या रेघा आहेत: 'मेव्हचा मुलगा फ्रेख' याचं नाव. बॅटरी जवळ धरून बघा, नुसत्या नखाने ओरखडल्यासारख्या दिसतात. साउइनच्या रात्री याच गुहेतून पलीकडच्या जगातली भुतंखेतं बाहेर येतात. आजच्या हॅलोवीनची एक मुळी इथवर पोचते.

नेराची गोष्ट इथलीच. त्या रात्री राजा पैज लावतो, फासावर लटकणाऱ्या माणसाच्या पायाला डहाळीचं कडं कोण बांधून येईल? नेरा जातो. प्रेत बोलतं, "तहान लागलीय, मला पाठीवर घे." विक्रम-वेताळ! आत शेवटी सगळ्यांच्या बॅटऱ्या विझवल्या तेव्हा मामी हळूच म्हणाली, "आता कोणी पाठीवर बसलं तर मी काही उत्तर देणार नाही बाई."

गुडघे दुखत असतील तर गुहेत उतरू नका, तोंडापाशी थांबा. गमबूट आणि टाकून देता येईल अशी पँट हवीच.

८. स्लायगो आणि नॉकनरे

डब्लिनहून स्लायगोला रेल्वेने साधारण ३ तास. नॉकनरे ३२७ मीटर उंच, वर दगडांची प्रचंड रास, सुमारे १० मीटर उंचीची. मेव्ह तिथे अल्स्टरच्या शत्रूकडे तोंड करून उभी पुरली आहे म्हणतात. रास कधीच उकरलेली नाही. तिच्यावर चढू नका, आठवण म्हणून दगड आणू नका. चढउतार दीड-दोन तासांची. वर वारा टोपी नेतो. ढग खाली उतरले असतील तर त्या दिवशी पायथ्याशी कॅरोमोरची जुनी दगडी थडगी बघा आणि डोंगर दुसऱ्या दिवशी ठेवा.

पूर्वेकडे, डब्लिनच्या उत्तरेला लाउथ काउंटीत नॉकब्रिजजवळच्या शेतात कू खुलिनचा उभा दगड आहे. मरताना शत्रूसमोर पडायचं नाही म्हणून त्याने स्वतःला याच दगडाला बांधून घेतलं, आणि खांद्यावर कावळा बसला तेव्हाच शत्रूला कळलं की तो गेला. पोस्ट ऑफिसातला पुतळा तो हाच क्षण.

९. गाडी

इथे डाव्या बाजूनेच चालवतात आणि पाहुण्यांना भारतातलं चालू लायसन्स चालतं, तरी भाड्याच्या कंपनीच्या अटी आधी वाचा. तीन गोष्टी विसरू नका. डब्लिनच्या एम-५० रस्त्यावर टोलनाका नाही, पण टोल आहे. दुसऱ्या दिवशी रात्री ८ च्या आत तो ऑनलाइन भरायचा, नाहीतर दंड चढत जातो. गावाकडच्या छोट्या रस्त्यांवर फेब्रुवारी २०२५ पासून वेगमर्यादा सर्वसाधारण ६० किलोमीटर आहे, आणि झुडपांच्या भिंतींमधून समोर ट्रॅक्टर आला की ६० सुद्धा जास्तच. उत्तर आयर्लंडला जाणार असाल तर तसं कंपनीला आधी सांगून विमा तपासा.

१०. पाळायच्या गोष्टी, आणि पिशवी

शेतातलं फाटक जसं होतं तसंच ठेवा: उघडं तर उघडं, बंद तर बंद. झाडांना प्लॅस्टिकच्या फिती बांधू नका. तारावरचं एक झाड अशा नवसांनी गुदमरलंय. एकट्या हॉथॉर्नच्या झाडाची फांदी तर मुळीच मोडू नका. ते परीलोकाचं मानतात, आणि क्लेअर काउंटीत १९९९ मध्ये अशा एका झुडपापायी हमरस्त्याच्या आखणीत बदल केला होता. देवराईतलं लाकूड घरी न नेणाऱ्या आपल्या आजीला हे समजावून सांगावं लागलं नसतं. अशा पुरातन जागांवर परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर घेऊन फिरणं हा सरळ गुन्हा आहे.

पिशवीत वॉटरप्रूफ बूट, गुडघ्यापर्यंतचा रेनकोट (छत्री वाऱ्यात उलटते), बॅटरी, जास्तीचे मोजे आणि डबा. गावांत शाकाहारी म्हणजे सूप आणि तपकिरी पाव, तोही स्वयंपाकघर उघडं असलं तर. धपाटे, चटणी, चिवडा खुशाल आणा. दुधाचे पदार्थ मात्र युरोपबाहेरून आणायला बंदी आहे, म्हणजे पेढे, बर्फी आणि आईने खास कढवलेलं तूप नागपुरातच राहू द्या. आमच्या मामींनी विमानतळावरच्या त्या टेबलासमोर उभं राहून निम्मे पेढे खाऊन संपवले, उरलेले रांगेतल्या एका केरळी कुटुंबाला वाटले, आणि मगच पुढे आल्या.